आकृती ४.७

उर्वे पडद्याची चित्रं काढायची.
तार्तूमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीखाली नदी, नदीवर नुकती धरलेली
बर्फाची साय.

दूधडेअऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं आमचं.
कुठलं बटण दाबलं की काय उघडतं
हे ती लिहायची,
आणि पायरीगणिक एक स्क्रीनशॉट.

नियम कडक.
माउसचा बाण दिसता कामा नये.
गायी खोट्या, पण दूध देतील अशा नावांच्या:
मुस्तिक, पुनिक, किर्याक.
आणि कोपऱ्यातल्या घड्याळात कायम दहा वाजून दहा.
आधी घड्याळ मागे-पुढे करायची, मगच की दाबायची.
तीनशे पानांचं पुस्तक
एकाच मिनिटात उरकल्यासारखं वाटे.
"वाचणाऱ्याला आपला दिवस कशाला दाखवायचा?"
असं म्हणायची, आणि चहा गार करून प्यायची.

प्रुफं माझ्याकडे यायची.
चौथं प्रकरण, सातवी आकृती, 'फॅटचं प्रमाण भरा'.
तिथे खाली उजवीकडे एक राखाडी चौकोन,
चार सेकंद टिकून विरून जातो तसला,
विरायच्या आत सापडलेला:

एल्मार
सफरचंदं पिकलीत. ये.

एल्मार म्हणजे तिचा बाप.
फोनमध्येसुद्धा नुसतं नाव ठेवलं होतं, नातं नाही.
चार वर्षं बोलणं बंद;
कुणी म्हणे आईच्या आजारपणावरून,
कुणी म्हणे जमिनीच्या तुकड्यावरून.
ऑफिसला काय, काहीही पुरतं.

लाल पेन्सिल हातात होती.
मी शेजारचा एक स्वल्पविराम दुरुस्त केला
आणि पान उलटलं.
दीड हजार प्रती छापल्या.

फेब्रुवारीत वोरूकडच्या एका डेअरीतून पत्र आलं.
हेल्वी नावाच्या हिशेबनीस बाई, गोल अक्षर, रेघा आखून:
"आकृतीत दिसतं तसंच व्हायला हवं, असं लिहिलंय.
माझ्याकडे सगळं तसंच होतं,
फक्त सफरचंदांचा चौकोन येत नाही.
तो येण्यासाठी आधी काय भरावं लागतं?"

उर्वेनं पत्र वाचलं. पुस्तक काढलं. पान शोधलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "त्या दिवशी मी तो पुसला होता.
मला वाटलं, पुसला."
आणि माझ्याकडे न बघता,
"तू पाहिलं होतंस."
मी नदीकडे बघत "हो" म्हणालो.
नदीवरून कुणी तरी कुत्रं घेऊन चाललं होतं,
बर्फ एवढा जाड झाला होता एव्हाना.

हेल्वीबाईंना उत्तर तिनंच लिहिलं:
छपाईतली चूक आहे, क्षमस्व,
तो चौकोन तुमच्याकडे नाही आला तरी
हिशेब बरोबरच येईल.
पाठवण्याआधी शेवटची ओळ खोडली,
परत लिहिली.

फेब्रुवारीत सफरचंदं कुठली!
तरी त्या रात्री तिनं बापाला एक शब्द पाठवला: येते.

म्हाताऱ्याला स्क्रीनशॉट काढता येत नाही.
त्यानं फोननं कॉम्प्युटरचा फोटो काढला,
तिचाच शब्द तिलाच परत पाठवला,
खाली विचारलं, हे तूच लिहिलंस ना?

सकाळी तिनं तो फोटो मला दाखवला.
तिच्या नियमांत बसणारं एकही काही नव्हतं त्यात.
पडदा वाकडा, पडद्यावर इंद्रधनुषी रेघा,
कडेला अंगठ्याची लाल सावली,
बाण बरोब्बर 'येते'वर ठेवलेला,
आणि काचेत तो स्वतः:
घरातसुद्धा लोकरीची टोपी,
मागे फळीवर मुरांब्याच्या बरण्या,
त्यांच्या वर भिंतीवरचं घड्याळ,
काचेत उलटं पडलेलं.

ती फोटो मोठा मोठा करत गेली,
काट्यांचे ठिपके होईपर्यंत.
"किती वाजले असतील रे तेव्हा?" म्हणाली,
आणि बोटांवर मोजत बसली.